वस्तरा, पथरी आणि चामोटी : विनयातील अनुज्ञा व भोर-वेल्ह्यातील नकार

भिक्खूच्या अट्ठ परिक्खारांची यादी आपल्या वाचकांना मुखोद्गत आहे : तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कायबंधन आणि पाणी गाळण्याचे वस्त्र. यांपैकी चीवर आणि भिक्षापात्र यांच्याविषयी विपुल लेखन झाले आहे. वस्तऱ्याच्या वाट्याला ते फारसे आलेले नाही. पालि यादीत त्या जागी ‘वासि’ हा शब्द येतो. त्याचा मूळ अर्थ लहान पाते किंवा सुरी असा असून व्यवहारात तेथे वस्तराच दिला जातो. केस काढण्याच्या वस्तऱ्याला पालित स्वतंत्र शब्द आहे तो ‘खुर’. संस्कृतातील ‘क्षुर’ तो हाच, आणि आपल्याकडील ‘क्षौर’ हा शब्दही त्याच कुळातला.

प्रस्तुत लेखात आम्ही या खुराचा, त्याच्या दगडाचा आणि त्याच्या चामड्याचा इतिहास पाहणार आहोत, आणि तो पाहताना पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या दोन डोंगरी तालुक्यांत थांबणार आहोत. (वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड असे करण्यात आले आहे. हे नाव तेथे अगदी नवे मात्र नाही; भोर संस्थानाच्या तालुक्यांत विचित्रगड व प्रचंडगड यांच्या जोडीला राजगडही होता.) वस्तरा लावावा कसा, हेही नवशिक्यासाठी पुढे सविस्तर सांगितले आहे. ज्या समाजाला वस्तऱ्याच्या स्पर्शाचा पिढ्यान्‌पिढ्या नकार मिळाला, त्याला ही विद्या किरकोळ वाटण्याचे कारण नाही, असे आमचे मत आहे.

विनयपिटकाच्या चुल्लवग्गातील पाचवा खंधक ‘खुद्दकवत्थु’, म्हणजे क्षुल्लक गोष्टींचा, म्हणून ओळखला जातो. नखे, केस, सुई, कात्री, दंतकाष्ठ असे विषय त्यात आहेत. भिक्खूंचे केस वाढले तेव्हा तथागतांनी प्रथम एक साधा प्रश्न विचारला : भिक्खू एकमेकांचे केस काढू शकतील काय? भिक्खूंनी होकार दिला. त्यानंतर अनुज्ञा देण्यात आली. तीत केवळ खुर नाही. खुराबरोबर ‘खुरसिला’ म्हणजे वस्तरा लावण्याचा दगड, ‘खुरसिपाटिका’ म्हणजे वस्तऱ्याची म्यान किंवा पिशवी, ‘नमतक’ म्हणजे गुंडाळण्याचे नमद्याचे वस्त्र, आणि अखेरीस सर्व ‘खुरभंड’, म्हणजे क्षौराचे सगळे साहित्य, यांची नावे घेऊन परवानगी आहे. केस किती वाढू द्यावेत याचीही मर्यादा त्याच खंधकात आहे : दोन महिने किंवा दोन अंगुळे.

या अनुज्ञेतील दोन गोष्टींकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिली म्हणजे वस्तऱ्याबरोबर दगडाचाही उल्लेख होणे. ज्याच्याजवळ वस्तरा आहे पण दगड नाही, तो काही दिवसांनी पुन्हा दुसऱ्याच्या दारात उभा राहतो, कारण बोथट वस्तरा केस काढत नाही, कातडी मात्र कापतो. दगड हाती असेल तरच वस्तरा खऱ्या अर्थाने आपला होतो. दुसरी गोष्ट ‘एकमेकांचे’ या शब्दाची. तथागतांनी संघासाठी न्हावी नेमला नाही. एका जातीकडे किंवा एका नवदीक्षितांच्या गटाकडे हे काम सोपवले नाही. आज ज्याचे मस्तक खाली झुकले आहे, उद्या त्याच्या हाती वस्तरा आहे. शाक्य कुळातला भिक्खू असो की पुक्कुस कुळातला, या पाळीतून कुणी सुटत नाही.

त्याच खंधकात पात्याच्या निगेविषयी जे नियम आहेत ते वाचताना मौज वाटते, इतके ते व्यवहाराला धरून आहेत. सुऱ्यांच्या मुठी सोन्यारुप्याच्या असू नयेत. हाड, शिंग, बांबू, लाकूड, लाख, तांबे, शंख यांच्या चालतील. सुया गंजू लागल्या तेव्हा त्या नळीत ठेवण्यास सांगितले. तरीही गंजल्या तेव्हा नळीत किण्वाची पूड भरावी, मग सातूचे पीठ, मग दगडाची पूड, आणि शेवटी मधमाश्यांच्या मेणाचा लेप, अशा क्रमाने एकेक उपाय सांगितला आहे. एक उपाय करून पाहिला, तो अपुरा ठरला, म्हणून दुसरा शोधला, ही अनुभवाने सिद्ध करत जाण्याची रीत येथे एका सुईच्या निमित्ताने दिसते. लोखंडाचा शत्रू दमटपणा आणि हवा, मेणाने तो संबंध तुटतो, हे आजही तितकेच खरे आहे.

वस्तरा आणि बौद्ध संघ यांचा विषय निघाला की स्थविर उपालींचे स्मरण अपरिहार्य आहे. ते शाक्यांचे न्हावी. भद्दिय, अनुरुद्ध, आनंद, भगु, किंबिल आणि देवदत्त हे शाक्यकुमार गृहत्याग करून निघाले तेव्हा त्यांनी आपले अलंकार उपालींना देऊन परत पाठवले. उपालींनी ते गाठोडे झाडाला टांगले आणि तेही मागोमाग गेले. अनुपिय येथे कुमारांनीच विनंती केली की उपालींना आधी प्रव्रज्या द्यावी, म्हणजे आम्हाला त्यांना वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्य असल्याचा अभिमान उतरेल. पुढे राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकश्यपांनी विनयाविषयी प्रश्न विचारले आणि त्यांची उत्तरे उपालींनी दिली. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथात उपालींच्या दीक्षेला स्वतंत्र स्थान दिले आहे, हे वाचक जाणतात.

याच्या उलट बाजूचे म्हणून एक प्रकरण अधूनमधून पुढे केले जाते. महावग्गातील भेसज्जखंधकात आतुमा गावची कथा आहे. पूर्वाश्रमी न्हावी असलेल्या, उतारवयात प्रव्रजित झालेल्या एका भिक्खूने, तथागत संघासह येणार म्हणून, आपल्या दोन मुलांना धोकटी देऊन घरोघर पाठवले आणि मीठ, तेल, तांदूळ गोळा करविले. लोकांनी भिडेपोटी, ज्यांना क्षौर नको होते त्यांनीही करून घेऊन, भरपूर दिले. तथागतांनी त्या सामग्रीची पेज घेतली नाही, आणि जो पूर्वी न्हावी होता त्याने क्षौराचे साहित्य बाळगू नये असा नियम केला. हा नियम जातीविरुद्ध आहे असे कुणी म्हणत असेल तर त्याने प्रकरण पुरते वाचलेले नाही. संघात आल्यावर जुना धंदा दान उकळण्यासाठी वापरू नये, एवढाच त्याचा रोख आहे. विनयाचे सर्वोच्च ज्ञाते उपालीच होते, ही गोष्ट या आक्षेपाला पुरेसे उत्तर आहे.

आता आपण मावळाकडे वळू. भोर तालुक्याला लागून नीरा नदीच्या परिसरात शिरवळजवळ बौद्ध लेण्यांचा समूह आहे. तेथे स्तूप असलेले लहान चैत्यगृह आहे आणि भिक्खूंच्या निवासासाठी कोरलेल्या खोल्या आहेत. त्या खोल्यांत राहणाऱ्या भिक्खूंजवळ खुर आणि खुरसिला असणारच, कारण त्यांच्या विनयात ते नमूद आहे. म्हणजे ज्या खोऱ्यात एके काळी वस्तरा हे कुणाही भिक्खूने कुणाही भिक्खूच्या मस्तकावर चालवायचे साधन होते, त्याच खोऱ्यात पुढे तो माणसामाणसांतली भिंत झाला.

ही भिंत गावगाड्याने उभी केली. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारीची सारी रचना आली आहे. मावळातही तीच होती. न्हावी वर्षभर कुणब्याची हजामत करी आणि सुगीला खळ्यावर भात, नाचणी, वरी यांचा ठरलेला वाटा घेई. लग्नकार्यातली कामे, मशाल धरणे, पाहुण्याचे अंग रगडणे हेही त्याच्याच माथी. महारही बलुतेदारच होता. बलुत्याच्या ओळी लावताना महार सामान्यतः थोरल्या ओळीत येई, तर न्हावी मधल्या ओळीत. धान्याच्या मापाने पाहिले तर महाराचे काम गावाला अधिक मोलाचे होते. गावची सीमा दाखवणे, सरकारी टपाल पोचवणे, वाटसरूला वाट दाखवणे, मेलेली गुरे ओढणे ही कामे तो सर्वांची करी. त्यात न्हाव्याचे घरही आले. न्हावी मात्र त्याची हजामत करीत नसे.

येथे वस्तऱ्याच्या निगेचा प्रश्न अगदी वेगळ्या अर्थाने समोर येतो. वस्तऱ्याची धार दगडावर निघते खरी, पण ती गुळगुळीत होते चामड्यावर. न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा, कातर, नराणी, वाटी, आरसा आणि पथरी यांबरोबर चामोटी असते, आणि दर हजामतीपूर्वी वस्तरा तिच्यावर फिरतो. ही चामोटी आली कोठून? मेलेले जनावर महाराने ओढून नेले, कातडे ढोराने कमावले, ते कापून बेतले चांभाराने. ज्यांच्या हातांतून ते चामडे गेले त्यांच्या गालाला तोच वस्तरा लागला तर विटाळ, आणि त्यांच्या श्रमाच्या चामड्यावर तो रोज दहा वेळा घासला तर शुद्ध! शास्त्राच्या नावाने चालणाऱ्या या व्यवहाराला तर्काची चामोटी कधी लागलीच नाही.

डॉ. बाबासाहेबांचे बालपण भोरच्या दक्षिणेस असलेल्या सातारा गावी गेले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या आत्मकथनात (हे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केले) या विषयाची नोंद आहे. साताऱ्यात न्हाव्यांचा तुटवडा नव्हता, घरात पैसे देण्याची ऐपतही होती. तरी भावंडांचे केस मोठी बहीण कापीत असे, कारण अस्पृश्याला हात लावायला एकही न्हावी तयार नव्हता. सुभेदाराच्या घरची ही अवस्था, तर डोंगरातल्या वाडीची काय असेल याची कल्पना करावी. बाबासाहेबांची बहीण सरावाने या कामात तरबेज झाली होती. इतिहासात तिचे हे कौशल्य एका वाक्यापुरते उरले आहे. आमच्या मते ते अधिक मोठ्या नोंदीस पात्र आहे.

न्हावी समाजावर ठपका ठेवून हा इतिहास मिटवता येणार नाही. श्रेणीबद्ध विषमता नावाची जी रचना बाबासाहेबांनी उलगडून दाखवली, तिचे न्हावी हे बोलके उदाहरण आहे. वरच्यांनी त्याला हीन मानले, त्याचा स्पर्श कामापुरता घेतला. आणि त्याला खालच्यांना नाकारण्याचा अधिकार देऊन बांधून ठेवले. एखाद्याने महाराची दाढी केली असती तर गावाने त्याचे बलुते बंद केले असते. भोर तालुक्यातीलच आंबवडे येथे जिवा महाला यांची समाधी आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी सय्यद बंडाचा वार अडवून शिवाजी महाराजांना वाचवणारे हे वीर न्हावी समाजातले. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण मावळात आजही सर्वांच्या तोंडी आहे. राज्य वाचवणाऱ्याच्या जातभाईंना गावगाड्यात मात्र मशालच धरावी लागली.

न्हावी समाजाने दिलेला आणखी एक नकारही विसरता कामा नये. १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांची सभा झाली आणि विधवांच्या केशवपनासाठी वस्तरा चालवायचा नाही असा निर्धार करण्यात आला. सत्यशोधक चळवळीचा हा संस्कार होता. वस्तरा नाकारण्याचे हे दोन प्रसंग शेजारी शेजारी ठेवून पाहावेत : एका नकाराने माणसाला गावाबाहेर ठेवले, दुसऱ्याने स्त्रीवर होणारा जुलूम थांबवण्याचा प्रयत्न केला. पाते तेच.

मग भोर-वेल्ह्यातील आपल्या वस्त्यांत दाढी होत असे कशी? एकमेकांची. वस्तीत एखाददुसरा वस्तरा असे आणि ज्याचा हात बसलेला तो सर्वांची करी. हा वस्तरा बहुधा गावाबाहेरून आलेला. मुंबईच्या गोदीत, रेल्वेत आणि गिरणीत गेलेली माणसे, आणि त्याहूनही पलटणीत गेलेली माणसे, ही विद्या घेऊन परत येत. सैनिकाला रोज दाढी करावी लागते, आणि तेथे गावचा न्हावी नसतो. महारांची सैन्यभरती १८९० च्या दशकात बंद झाली, पहिल्या महायुद्धाच्या काळात पुन्हा सुरू झाली, युद्धानंतर परत थांबली आणि १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली. या प्रत्येक लाटेबरोबर काही वस्तरे वस्त्यांत आले असणार. विनयात जे ‘एकमेकांचे’ स्वेच्छेने आणि समतेने होते, ते येथे सक्तीने झाले. पण हातांना जे कौशल्य आले ते खरेच होते.

भोर संस्थान ८ मार्च १९४८ रोजी मुंबई प्रांतात विलीन झाले. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला घटना समितीत, आजच्या अनुच्छेद १५ च्या मसुद्यावर चर्चा चालू असताना, ‘दुकान’ या शब्दात लाँड्री आणि केशकर्तनालय येते काय, असा प्रश्न एस. नागप्पा यांनी विचारला. बाबासाहेबांनी उत्तरात दुकानाची व्याख्याच केली : जो कुणी आपल्या जागी बसून येणाऱ्या कुणालाही आपली सेवा देऊ करतो, ती जागा म्हणजे दुकान, कपडे धुणारा जसा दुकानदार, तसाच दाढी करणाराही. साताऱ्यात ज्यांचे केस बहिणीने कापले, त्यांनी हे उत्तर देताना आपले बालपण बोलून दाखवले नाही. ते कायद्याच्या भाषेत बोलले. पुढे १९५५ चा अस्पृश्यता (गुन्हे) कायदा आला आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून सेवा नाकारणे शिक्षापात्र ठरले. १९७६ मध्ये कडक दुरुस्त्यांसह त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा असे झाले.

१४ ऑक्टोबर १९५६ नंतर वस्तऱ्याचा आपल्याशी असलेला संबंध पुन्हा एकदा बदलला. श्रामणेर शिबिरात आपले तरुण मस्तक मुंडन करून बसतात. केस उतरत असताना केस, रोम, नखे, दात आणि त्वचा या पाच गोष्टींचे ध्यान देण्याची थेरवादी परंपरा आहे. मुंडनाच्या जागेला पालित ‘खुरग्ग’ म्हणतात, आणि तेथेच, वस्तरा मस्तकावर असतानाच, अर्हत्पद लाभल्याच्या कथा अट्ठकथांत येतात. दब्ब मल्लपुत्त यांची कथा त्यांपैकी प्रसिद्ध. अशा प्रसंगी हाती आलेला वस्तरा बोथट असेल तर ध्यान कशाचे होणार, हे सांगायला नको. म्हणून आता प्रत्यक्ष कृतीकडे येऊ.

नवशिक्याने प्रथम पाते समजून घ्यावे. वस्तऱ्याच्या पात्याला एका बाजूस धार आणि दुसऱ्या बाजूस जाड पाठ असते; मधला भाग दोन्ही अंगांनी खोलगट घासलेला असतो. पाते दगडावर आडवे टेकवले की पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला लागतात. विळा किंवा कोयता लावताना कोन हाताने सांभाळावा लागतो. वस्तऱ्याचा कोन त्याच्या पाठीतच बसवलेला आहे. पाठीची जाडी पात्याच्या रुंदीच्या साधारण पाव भाग किंवा किंचित अधिक असते, आणि त्यामुळे धारेचा कोन सुमारे १५ ते १७ अंशांचा राहतो. म्हणून पहिला नियम : पाठ कधीही उचलायची नाही. ती उचलली की कोन बदलला आणि सारी मेहनत वाया गेली.

दगडाची निवड याहून महत्त्वाची. आपल्या सह्याद्रीचा काळा पाषाण जात्याला, पाट्याला उत्तम. वस्तऱ्याला तो चालत नाही, कारण त्याचा कण एकसारखा बारीक नसतो. कोयत्याची सहाण तर मुळीच नको. वस्तऱ्याला अतिशय बारीक कणांची, गुळगुळीत पथरी लागते. आज बाजारात कृत्रिम दगड क्रमांकाने मिळतात : धारेला दाते पडले असतील तर १०००, ते गेल्यावर ४००० च्या आसपासचा, आणि अखेरीस ८००० किंवा अधिक. धार नुसती मंदावली असेल तर शेवटचा एकच दगड पुरतो. घरातल्या पाट्याला आपण टाकी लावून मुद्दाम खडबडीत करून घेतो. पथरीचे नेमके उलट. वापराने ती मध्ये खोल होते आणि खोलगट दगडावर सरळ धार निघत नाही. तेव्हा सपाट काचेवर बारीक पाण्याचा कागद ठेवून, पाणी सोडून, पथरी अधूनमधून सपाट करून घ्यावी.

पथरी ओली करावी. पाते आडवे टेकवून धार पुढे ठेवून सरकवावे, जणू दगडावरून पातळ साय काढायची आहे. दगड पात्याहून अरुंद असेल तर मुठीकडून टोकाकडे अशी तिरकी ओढ द्यावी, म्हणजे संपूर्ण धार दगडावरून जाते. शेवटाला पोचल्यावर पाते पाठीवर उलटावे. धारेवर उलटले तर ती तेथेच मरते. मग दुसऱ्या अंगाने तेवढीच ओढ. दोन्ही अंगांना ओढी समसमान, आणि दाब जवळजवळ नाहीच. पात्याचे स्वतःचे वजन पुरे. नवशिक्याचा हात येथेच चुकतो. जोर लावला की लवकर धार येईल असे त्याला वाटते, प्रत्यक्षात पातळ पाते जोराने वाकते आणि धार दगडावरून उठते. फार वेळ घासत बसण्यातही लाभ नाही : धारेवर तारेसारखी पातळ लव उभी राहते, ती हातास तिखट लागते आणि गालावर पहिल्याच ओढीला मोडते. धारेपुढे पाण्याची बारीक रेघ सर्वत्र एकसारखी सरकू लागली की काम होत आले असे समजावे. मनगटामागचे केस कातडीला न लागता वरच्या वर तुटले की झाले.

यानंतर चामोटी. येथे दिशा बदलते : पाठ पुढे, धार मागे. चामोटी ताठ ताणलेली हवी. ती सैल पडली तर झोळ पडून धार गोल होते. तीसचाळीस ओढी पुरेत, उलटणे पुन्हा पाठीवरच. चामोटी लावणे दर दाढीपूर्वी करायचे, दगड मात्र एका माणसाच्या वापराला काही महिन्यांनी एकदा पुरतो. जुने कारागीर चामोटी नसेल तेव्हा तळहातावर वस्तरा फिरवीत. ते पाहायला छान वाटते, पण नवशिक्याने त्याच्या वाटेस जाऊ नये.

मावळात राहणाऱ्यास गंजाविषयी अधिक सांगावे लागते. वेल्ह्याच्या पश्चिम भागात पावसाळ्यात घरातले कपडेही वाळत नाहीत. तेथे वस्तऱ्याची धार एका रात्रीत मंदावते, डोळ्यांना गंज दिसण्याच्या कितीतरी आधी. दाढी झाली की पाते धुवून कोरड्या फडक्याने पुसावे, मुठीच्या फटीतले पाणीही टिपून घ्यावे, आणि शिवणयंत्राच्या तेलाचा हलका हात फिरवावा. खोबरेल चालते, पण थंडीत थिजते आणि पुढे चिकट होते. ओला वस्तरा म्यानात किंवा बंद डबीत ठेवू नये. विनयातला मेणाचा लेप महिनोन् महिने न लागणाऱ्या पात्यासाठी अजूनही उत्तम आहे.

एक गोष्ट येथे स्पष्टपणे सांगणे आम्ही आवश्यक समजतो. दगडावर लावलेला वस्तरा एकाच माणसाचा असावा. कावीळ ब आणि एचआयव्ही यांसारखे रोग रक्तातून पसरतात, आणि पुसल्याने किंवा चामोटीवर फिरवल्याने पाते निर्जंतुक होत नाही. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये झाली. त्यानंतरच्या वर्षांत केशकर्तनालयांत दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लावण्याचे वस्तरे रूढ झाले, ते योग्यच झाले. श्रामणेर शिबिरात पन्नास मस्तके एकाच वस्तऱ्याने उतरवणे हा विनय नव्हे. तेथे प्रत्येकास वेगळे ब्लेड द्यावे, केस आधी कात्रीने किंवा यंत्राने बारीक करावेत, कोमट पाण्याने भिजवावेत आणि मगच ब्लेड लावावे. स्वतःचा वस्तरा आणि स्वतःची पथरी बाळगणाऱ्या भिक्खूला आणि उपासकाला मात्र वरील पद्धत जन्मभर पुरेल.

भोर-वेल्ह्यातील काही घरांत जुने वस्तरे अजून पेटीच्या तळाशी असतील. ते भंगारात देण्यापूर्वी एकदा उजेडात पाहावेत. गंज पाठीवर किंवा पात्याच्या मधल्या भागावर असेल तर तेल लावून तो हळूहळू निघतो आणि वस्तरा पुन्हा लागतो. धारेतच खड्डे पडले असतील, किंवा पात्यास तडा असेल, तर तो दाढीच्या उपयोगाचा राहिलेला नाही, पण जपून ठेवण्याच्या उपयोगाचा आहे. असा वस्तरा घरात कुणी आणला, तो पलटणीतून आला की मुंबईच्या बाजारातून, वस्तीत त्याने कुणाकुणाची दाढी होत असे, हे वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहावे आणि तो कागद पात्याला न लागेल असा, कोरड्या कापडात गुंडाळून, त्याच्यासोबत ठेवावा.